घाट न चढलेला मिस्त्री

डोमाजी मिस्त्री गेल्याचं मला व्हॉट्सअॅपवर कळलं. आमच्या वॉर्डाच्या ग्रुपवर कोणीतरी त्याचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘हसतमुख आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले’. मी फोटो मोठा करून पाहिला. माणूस तोच होता. त्या फोटोतही तो हसत नव्हता. फोटो काढणाऱ्याला हाकलून लावायच्या बेतात होता. पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ज्यांना त्याने गॅरेजच्या दारात उन्हात उभं केलं होतं, त्यांचेही हात त्यात होते.

मी हात जोडले नाहीत. मला तो माणूस आवडत नव्हता, आणि मेल्याने माणूस आवडायला लागतो असा माझा अनुभव नाही. वयाने तो माझ्याहून बराच मोठा. रीतीप्रमाणे ‘ते’ म्हणायला हवं. तोंडावर मी नेहमी ‘तुम्ही’ म्हणत आले. मनात मात्र तो ‘तो’च राहिला. इथेही तसाच राहील.

त्याच्याशी संबंध आला तो जीपमुळे. मराठी-हिंदी सीमेवरच्या बालाघाट शहरात एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथलं ऑफिस मी सांभाळते. कुठल्या गावात कधी तपासणी, मोतीबिंदू कोणाला, ऑपरेशनला कोण कधी येणार, कोणाच्या डोळ्यात टाकायचं औषध संपलं, या सगळ्या याद्या माझ्याकडे असतात. बैहरच्या वरच्या गावांतले म्हातारे आमच्या जीपने खाली यायचे, ऑपरेशन करून घ्यायचे आणि डोळ्यावर पट्टी घेऊन त्याच जीपने घाट चढून परत जायचे. जीप जुनी, डिझेलची, ट्रस्टला कोणीतरी वापरून झाल्यावर दिलेली. ती गुलाब चालवायचा. गुलाब बैहरकडचाच. म्हाताऱ्यांशी तो त्यांच्या बोलीत बोलायचा, हाताला धरून उतरवायचा, आणि कोणत्या बाईला पुढची सीट दिली नाही तर उलटी होते हे त्याला माझ्या यादीशिवाय ठाऊक असायचं.

डोमाजीचं गॅरेज गावाबाहेर, भरवेलीला जाणाऱ्या रस्त्यावर. पत्र्याची शेड आणि पुढे कडुनिंब. झाडाखाली भरपूर सावली होती, पण तिच्यात बसायची परवानगी फक्त त्याला. कुठल्याशा मोडीत गेलेल्या गाडीची सीट त्याने बुंध्याला टेकवून ठेवली होती. तिच्यावर मांडी घालून तो प्लास्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोळवत बसायचा. गिऱ्हाईक उन्हात. मग ती बाई असो, म्हातारा असो की पोलीस.

“सावलीत या म्हटलं तं लोकं गाडीचं कमी अन् घरचं जास्त सांगतेत,” असं त्याचं कारण होतं.

दुसरा नियम असा की आजाराचं नाव गिऱ्हाइकाने घ्यायचं नाही. कोणी म्हणालं, ‘मिस्त्री, रेडिएटर चोक झालं वाटतं,’ की हा पाना खाली ठेवायचा. “मंग मी काय करू? फुलं वाहू?” लक्षणं सांगायची, आणि तीही विचारली तर. उभ्या गाडीत तापमानाचा काटा चढतो की चालत्या? सपाटीवर की चढावर? सकाळी पाणी कमी झालेलं दिसतं का? झाकण उघडलं की बुडबुडे येतात का? तेलाच्या पट्टीवर दुधासारखा फेस दिसला का? एका प्रश्नाच्या उत्तरात दुसरं काही मिसळलं की तो हात वर करायचा. “जेवढं इचारलं तेवढं.”

प्रश्नांचा क्रम चोख होता, हे मी नाकारत नाही. मीही आमच्या पेशंटांना क्रमानेच विचारते. पण मी त्यांना आधी खुर्ची देते.

त्याच्या गॅरेजात मी पहिल्यांदा ब्रेकच्या कामासाठी गेले, त्या दिवशीचा प्रसंग. वारासिवनीचा एक तांदळाच्या गिरणीचा मालक कुटुंबासह आला होता. साडूच्या घरी लग्न, गाडीत बायको, सासू, आहेराच्या पिशव्या. रेडिएटर ठिबकत होतं म्हणून वाटेत कोणीतरी सांगितलं, हळद टाका. आमच्याकडे हा उपाय घराघरात माहीत आहे. बारीक भोक असेल तर हळद जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत येते. या गृहस्थाने मात्र पुडाच रिकामा केला होता. डोमाजीने खालची तोटी सोडली तेव्हा पिवळा लगदा आला. त्याने शेडमध्ये जाऊन स्वतःच्या डब्याची ताटली आणली, तो लगदा तिच्यात धरला आणि ताटली बोनेटवर नेऊन ठेवली, बरोबर त्या माणसाच्या सासूसमोर.

“घ्या मामी. जावयानं वरण केलं. भाताची काळजी नाई, गिरनी तं तुमच्याच घरची हाय.”

उभे होते तेवढे सगळे हसले. त्या माणसाचा चेहरा पडला. त्याची बायको गाडीतून उतरली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभी राहिली. डोमाजीने रेडिएटर काढलं, धुतलं, डाग दिला, परत बसवलं. काम उत्तम केलं. पण लग्नाला निघालेल्या माणसाची सासूसमोर गेलेली पत कोण बसवून देणार? मी तसं बोलून दाखवलं.

“तुमी कोन?” तो म्हणाला.

मी दवाखान्याचं नाव सांगितलं. माझ्या हातातला कागद बघून त्याने विचारलं, “अन् हे काय हाय?”

“गाडीच्या तक्रारींची यादी.”

“यादी. बरं. ते यादी इंजनले वाचून दाखवा. त्यानं आयकलं तं मले बोलवा.” तेव्हापासून त्याच्या गॅरेजात माझं नाव यादीबाई पडलं. मला नावाचं काही नाही. यादी ही लाज वाटावी अशी गोष्ट नव्हे.

आता तोरणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेडच्या दारावर तारेत ओवलेलं एक तोरण होतं. लांबून पितळेच्या छोट्या घंटा वाटायच्या. त्या घंटा नव्हत्या. गाड्यांमधून काढलेल्या झडपा होत्या. थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. इंजिन थंड असेपर्यंत ही झडप बंद राहते, पाणी तापलं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देते. डोमाजीच्या मते ही थंड मुलखातल्या लोकांची चैन.

“इथं उन्हाळ्यात नळाचं पानी गरम येते. इंजन गरम कराले झडप कायले पायजे?”

गाडी तापते म्हणून आली की तो काहीही तपासायच्या आधी झडप काढायचा आणि तारेत ओवायचा. घाटावर चालणाऱ्या जुन्या डिझेल जीपा बहुतेक एकाच घडणीच्या, आणि बहुतेकांची झडप त्याच्या तारेत. दसऱ्याला अवजारांबरोबर त्या तोरणालाही हळदकुंकू लागायचं.

आमच्या जीपची झडप त्याने एका उन्हाळ्याच्या तोंडावर काढली. पंख्याचा बेल्ट सैल झाला होता म्हणून काटा थोडा वर जात होता. त्याने बेल्ट ताणला. काम तिथेच संपलं होतं. पण हात लागलाच आहे म्हणून त्याने झडपही काढली. गुलाब म्हणाला, “मिस्त्री, वो तो ठीक था ना?”

“ए डायवर. तू स्टेरिंग धर. बोनेटच्या आतलं माझं हाय.”

मग ट्रायल. त्याची ट्रायल ठरलेली: गॅरेजपासून भरवेलीच्या खाणीच्या फाटकापर्यंत आणि परत. रस्ता सपाट. वाटेत खाणीच्या सायकली आणि मोटरसायकली, त्यामुळे वेगही बेताचा. काटा हलला नाही. “जा,” तो म्हणाला, आणि आम्ही गेलो.

पुढच्याच खेपेला जीप घाटात उकळली.

बैहरच्या घाटात अर्ध्यावर एक रुंद वळण आहे. तिथे हापशी आहे, सालाची दोनचार मोठी झाडं आहेत आणि एका बाईची चहाची टपरी आहे. शांतीबाई तिचं नाव. जुन्या जीपा तिथे थांबायच्याच. बोनेट उघडायचं, वाफ जाऊ द्यायची, चहा प्यायचा, पाणी भरायचं आणि निघायचं. नवा ड्रायव्हर घाटावर आला की जुने त्याला हे वळण दाखवून द्यायचे. लोकांना तो घाटाचा स्वभाव वाटत होता. आमची जीप तोवर तिथे कधी थांबत नसे. म्हाताऱ्यांना पाय मोकळे करायचे असतील तर गोष्ट वेगळी. आता तीही त्या रांगेत उभी राहायला लागली.

गाडी डोमाजीकडे गेली. रेडिएटर खोलून नळ्यांमधून सळ्या फिरवल्या. पुढच्या खेपेला उकळली. पाण्याचा पंप बदलला. उकळली. झाकण बदललं, पंखा बदलला, शेवटी इंजिनाचं हेड उतरवून पॅकिंग नवं घातलं. प्रत्येक वेळी भरवेलीच्या फाटकापर्यंत ट्रायल, प्रत्येक वेळी काटा जागेवर, आणि प्रत्येक वेळी घाटात वाफ. डोळ्यावर पट्टी बांधलेले म्हातारे सालाच्या सावलीत गाठोडी घेऊन बसायचे. फुलवंतीबाई म्हणून एक म्हातारी होती, एक डोळा झालेला, दुसरा व्हायचा. तिने गुलाबला विचारलं, “बेटा, गाड़ी को भी मोतिया हो गया क्या?” तेव्हा गुलाब हसला. नंतर नंतर त्याचं हसणं बंद झालं.

कारण बदलण्यासारखे भाग संपल्यावर डोमाजीला गुलाब सापडला. गाडी माझ्या हातून बरोबर जाते, डायवर घाटात जाळतो, मोठ्या गियरात रगडतो, कानाला मोबाइल लावून चालवतो, असं तो गॅरेजात येईल त्याला सांगू लागला. तेवढ्यावर थांबला नाही. ट्रस्टच्या सेक्रेटरींना त्याने स्वतः फोन केला. आमचे सेक्रेटरी त्या जीपमध्ये कधी बसलेले नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “मिस्त्री म्हणतो ड्रायव्हरची चूक आहे. आणखी एकदा गाडी उकळली तर गुलाबला काढा आणि दुसरा बघा.”

गुलाब मोबाइल डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून गाडी चालवायचा. मी शेजारी बसलेली असायची, मला माहीत होतं. मी ते सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही गाडीतल्या तज्ज्ञ आहात का?”

गुलाबच्या घरी त्याच्या पगारावाचून दुसरं काही येत नव्हतं. तो भांडला नाही, पण त्याची रीत बदलली. घाट लागला की तो फक्त काट्याकडे बघायचा. मागच्या म्हाताऱ्यांशी बोलणं थांबलं. कोणी हाक मारली तर मान न वळवता ‘हौ, हौ’ करायचा. फुलवंतीबाईला उलटी झाली तेव्हा त्याला कळलंच नाही. त्या दिवशी मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी डोमाजीच्या गॅरेजात गेले आणि नियमाप्रमाणे उन्हात उभी राहिले. दोनतीन गिऱ्हाइकं होती, ती राहू दिली.

“मिस्त्री, उद्या बैहरची खेप आहे. गाडी तुम्ही चालवा.”

“मी? मी काहून चालवू? मी काय डायवर हाय?”

“गुलाब गाडी जाळतो म्हणता ना. तुमच्या हातून जळणार नाही. साहेबांना मी तसं सांगेन.”

“हे यादीत लिहून आनलं काय?”

“हो.”

“अन् गरम झाली तं?”

“तर तेही सांगेन.”

त्याने खर्रा तोंडात टाकला. बोलणं टाळायचं असलं की तो तेवढंच करायचा. तेव्हा एका गिऱ्हाइकाने तोंड उघडलं. “जाऊन या न मिस्त्री. तुमी तं भरवेलीच्या पुढं कधी गेलेच नाई.”

दुसरा म्हणाला, “घाट कसा असते ते तरी पाहून या.”

ही गोष्ट मलाही त्या दिवशीच कळली. ज्या घाटासाठी तो जन्मभर गाड्या दुरुस्त करत होता, त्या घाटावर त्याने कधी गाडी नेली नव्हती. बैहरला त्याचं कोणी नव्हतं. सासर, लेकी, सगळं गोंदियाकडे. वर जायचं त्याला कारणच पडलं नव्हतं.

डोमाजीने बोलणाऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “सकाळी येतो. त्या डायवरले मागं बसवा. मले समोर त्याचं थोबाड नाई पायजे.”

सकाळी तो आला. खांद्यावर पान्यांची पिशवी. फुलवंतीबाई पुढे माझ्याशेजारी, तिच्या दुसऱ्या डोळ्यावर आता पट्टी होती आणि पहिल्याला चष्म्याशिवाय अंधुकच दिसायचं. मागे बाकीचे पेशंट आणि त्यांच्यात गुडघे जवळ घेऊन बसलेला गुलाब. भरवेलीचं फाटक मागे पडलं तसा डोमाजी बडबडायचा थांबला. पुढचा रस्ता त्याच्या ओळखीचा नव्हता.

चालवली त्याने छान. प्रत्येक गियर वेळेवर टाकला, इंजिनाला कुठे ओरडू दिलं नाही. गुलाबही असाच चालवायचा, म्हणून मला फरक कळला नाही. घाट सुरू झाला. काटा निम्म्यावर आला. डोमाजीने गियर उतरवला. काटा पुढे सरकला. आजाराचं नाव घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो जसा बघायचा, तसा तो काट्याकडे बघू लागला. फुलवंतीबाईने मला विचारलं, “गुलाब चला रहा है क्या?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “तभी. पूछा नहीं उसने, कैसी हो.”

डोमाजीने ऐकलं. वळणाच्या अलीकडेच काटा लाल रेघेवर टेकला आणि बोनेटच्या फटीतून वाफ निघाली.

वळणावर आधीच पाच-सहा जीपा उभ्या होत्या. सगळ्यांची बोनेटं उघडी, सगळ्यांच्या समोर वाफ. डोमाजी खाली उतरला आणि ड्रायव्हरांनी त्याला ओळखलं.

“अरे मिस्त्री! राम राम! तुमी इकडं?”

“तुमची पन गरम झाली काय मिस्त्री?”

हसण्याची मोठी लाट उठली. ती दुष्टपणाची नव्हती, आपला माणूस आपल्यात आल्याची होती. शांतीबाई टपरीतून बाहेर आली. तिने त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, पण नाव रोज ऐकलं होतं.

“यही हैं डोमाजी मिस्त्री? बैठो, बैठो. यहाँ जो भी रुकता है, आपका ही नाम लेता है. सब आपके ही हाथ की गाड़ियाँ हैं.”

तिने हे आदराने म्हटलं. त्याच्यासाठी बाक पुसला, चहा गाळला.

डोमाजी बसला नाही. तो पहिल्या जीपकडे गेला. रेडिएटरच्या वरच्या अंगाला बोट लावलं आणि चटकन काढलं. मग वाकून खालच्या अंगावर अख्खा तळवा ठेवला. ठेवून राहिला. दुसऱ्या जीपकडे गेला. वर बोट, खाली तळवा. मग तिसरी. ड्रायव्हर चहा पीत त्याच्याकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं, “मिस्त्री नाडी पाहून राह्यले.” त्यावर त्याने शिवी दिली नाही.

तो आमच्या जीपपाशी आला आणि मी न विचारता, गुलाबने न विचारता, बोनेटकडे बघत बोलला. “वरून चटका, खालून कोमट. पानी इकडं येऊनच नाई राह्यलं.”

पंपाच्या डोक्याशी बोटभर लांबीचा एक आखूड रबरी पाइप असतो. मला तोवर तो दिसलाही नव्हता. इंजिन थंड असताना पाणी त्या आखूड वाटेने आतल्या आत फिरतं. झडप पूर्ण उघडली की तिचाच खालचा भाग ती वाट बंद करतो, आणि पाण्याला रेडिएटरकडे जाण्यावाचून इलाज राहत नाही. झडपच नसेल तर आखूड वाट कायमची उघडी. बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंड न बघता पुन्हा इंजिनात. सपाटीवर हे खपून जातं. चढावर नाही. भरवेलीच्या फाटकापर्यंत हे कधीच कळलं नसतं.

“कपडा द्या,” तो म्हणाला.

फुलवंतीबाईने गाठोड्यातून गमछा काढून दिला. डोमाजीने त्याची पट्टी फाडली, त्या आखूड पाइपाभोवती गुंडाळली आणि घट्ट बसणारी पकड लावून पाइप पार चिमटून टाकला. इंजिन निवल्यावर पाणी भरलं. गाडी सुरू केली आणि जागेवरच रेस देत उभा राहिला. काटा निम्म्यावर आला, थरथरला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळाने त्याने रेडिएटरच्या खालच्या अंगाला तळवा लावला आणि हात झटकला. चटका बसला होता.

ड्रायव्हरांपैकी कोणाला काय समजलं, मला माहीत नाही. मला समजलं होतं.

“झडप तुम्हीच काढली होती,” मी म्हणाले.

“मंग?” तो माझ्याकडे वळला. “दुसऱ्या कोनाले येत होतं काय काढता?”

त्याने चावी गुलाबच्या हातात दिली. दिली म्हणजे तळहातावर आपटली. “घे. पकड लावली हाय, जपून ने. अन् परत आन मायी पकड.” फाडलेल्या गमछ्याबद्दल फुलवंतीबाईला काही बोलला नाही. गुलाबला त्याहून कमी. पिशवी खांद्याला लावून तो रस्त्याच्या कडेला खाली जाणाऱ्या बसची वाट बघत उभा राहिला. शांतीबाईचा चहा बाकावर तसाच राहिला. आम्ही निघालो. जीप वरपर्यंत गेली आणि कुठेही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि गुलाब गॅरेजात गेलो. डोमाजीने तोरणातून एक झडप सोडली. चहाच्या भांड्यात पाणी उकळत होतं, त्यात ती टाकली. आम्ही बघत उभे. झडप उघडली. चिमट्याने बाहेर काढली, ती मिटली. ती त्याने जीपमध्ये बसवली, आखूड पाइप मोकळा केला आणि मग त्याच भांड्यात स्वतःपुरता चहा ठेवला.

मी म्हटलं, “आता साहेबांना फोन करा.”

“काहून? गाडी चालते न.”

“गाडी चालते. गुलाबची नोकरी चालत नाही.”

मी नंबर लावून मोबाइल त्याच्यासमोर धरला. त्याने तो कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि सेक्रेटरी शेजारच्या गावात असल्यासारखा ओरडला. “हॅलो! गाडी ठीक झाली. नाई, डायवर नका बदलू. हा जेवढा शिकला तेवढा शिकला. नवा आनला तं त्याले पयल्यापासून शिव्या देत बसा लागन मले. कोनाले टाइम हाय?”

आणि मोबाइल माझ्याकडे टाकला. गुलाबची नोकरी अशी वाचली, शिवीच्या आधाराने. चूक कोणाची होती ते मी सेक्रेटरींना नंतर सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, “गाडी चालतेय ना? मग सोडा.” मी सोडलं नाही. डोमाजी गुलाबला ‘चुकलो’ एवढा एक शब्द बोलेल याची मी वाट बघत राहिले. त्या माणसाच्या तोंडात शब्दांची कमी नव्हती.

त्यानंतर तोरण विरळ व्हायला लागलं. कोणी पंक्चरसाठी आलं, कोणी हॉर्न बसवायला आलं, की डोमाजी न सांगता बोनेट उघडायचा, तारेतून एक झडप सोडून उकळत्या पाण्यात बघायचा आणि गाडीत बसवायचा. जी उघडत नसेल ती मागे भंगारात. मी स्वतः ऐकलंय, एका जीपवाल्याला तो विचारत होता, “कोन्या गधड्यानं काढली होती हे?” तो बिचारा डोमाजीकडे बघत राहिला. काढणारा समोर उभा होता, हे सांगायची त्याची छाती झाली नाही. “आठवत नाही मिस्त्री,” तो म्हणाला.

“कसं आठवन? डोकं घरी ठेवून येता.”

वळणावरची गर्दी ओसरली. शांतीबाईने एकदा गुलाबला विचारलं की लोक आपल्यावर रागावलेत का. गुलाबने तिला खरं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, मी तर त्या दिवशी मिस्त्रीलाच फुकट चहा पाजत होते.

मी डोमाजीला शेवटचं पाहिलं ते त्याच वळणावर. फुलवंतीबाई जीपमध्ये होती, दोन्ही डोळे उघडे, तपासणी करून परत निघालेली. गुलाब तिला दोन्ही बाजूंची झाडं दाखवत गाडी चालवत होता. काटा निम्म्यावर. वळण आलं आणि बाकावर डोमाजी बसलेला दिसला. बसने वर आला असणार. ज्या जीपा त्याच्या गॅरेजात परत आल्याच नव्हत्या, त्यांना तो तिथे रस्त्यावर गाठत होता. पिशवी पायाशी, हातात तारेचा तुकडा, त्यात उरलेल्या थोड्या झडपा. एक जीप बोनेट उघडून उभी होती आणि तिचा मालक हात बांधून उन्हात उभा होता.

गुलाबने वेग कमी केला. मी म्हटलं, थांबायचं कारण नाही. आम्ही थांबलो नाही.

आमच्या इंजिनाचा आवाज ऐकून डोमाजीने मान वळवली. आम्ही त्याच्या अगदी जवळून गेलो. तो उठून उभा राहिला आणि मागून ओरडला, “गुलाब! बेल्ट ढिला हाय बे! कान हाय का भोकं?”

तोवर त्याने गुलाबला डायवर सोडून दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. गुलाबने खिडकीतून हात बाहेर काढून ‘हौ’ म्हटलं. मी यादीत लिहून घेतलं: बेल्ट.

बैहरला पोचल्यावर म्हाताऱ्यांना उतरवून झालं आणि गुलाबने बोनेट उघडलं. बेल्टवर अंगठा दाबून पाहिला. मग मला बोलावून मलाही दाबायला लावला.

बेल्ट चांगला ताठ होता.